शुक्रवारची दुरुस्ती

ल्युब्लियानात त्या वसंतात
जुन्या सायकली तळघरांतून वर आल्या.
कुणाच्या आजोबांची, मडगार्डला सुतळी बांधलेली,
कुणाची शाळेतली, हँडल गुडघ्याला लागणारी.
जमावाला बंदी होती.
पण सायकली म्हणजे जमाव नव्हे,
असं माझी मुलगी तिंकारा म्हणायची
आणि कायदा शिकणाऱ्या पोरीशी कोण वाद घालणार.

मी फक्त पंक्चर काढत होतो.
दारात टेबल आडवं, गिऱ्हाईक पलीकडे,
सुटे पैसे व्हिनेगरच्या वाडग्यात.
एकाने विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे?
म्हटलं, मागच्या चाकाच्या.
तो हसला नाही.

दर शुक्रवारी संध्याकाळी
संसदेभोवती घंट्यांचा नुसता कल्लोळ,
आणि आमच्या वर राहणारा बोगोमिर
खिडकी आपटून लावायचा.
त्याची बहीण वृद्धाश्रमात काचेमागून हात हलवत राहिली,
एके दिवशी हलवला नाही.
तिला इस्पितळात का नेलं नाही
हे कुणी सांगितलं नव्हतं.
जिथून उत्तर यायचं, तिथवर त्याचा आवाज जात नव्हता.
माझ्या दुकानापर्यंत जायचा.
"खुनी आहात," तो जिन्यातून ओरडायचा,
"आणि तू त्यांना हवा भरून देतोस."

व्लास्ता रात्री यायची,
बोळातच कपडे काढून कोपरापर्यंत हात धुवायची.
नाकावर मास्कचा वण, बोटाने चाचपायची, जणू चष्मा आहे.
म्हणाली, "सात नंबरने आज विचारलं,
बाहेर कसला सण आहे?
काय सांगू त्याला?"

"सांग," तिंकारा म्हणाली,
"की मास्कच्या खरेदीत कुणी किती खाल्लं ते विचारतायत."

"दहा दिवस कचऱ्याची पिशवी अंगात घालून उभी होते मी.
कुणी खाल्लं ते तू मला शिकवू नकोस.
पण"

तो 'पण' सूप निवेपर्यंत
टेबलावर तसाच पडून होता.
कुणी उचलला नाही.

रविवारी आम्ही नगरपालिकेच्या हद्दीवर जायचो.
तिची आई पाटीच्या पलीकडे राहते, चारशे पावलांवर.
व्लास्ता पाटीखाली औषधं ठेवून मागे सरायची,
म्हातारी पुढे येऊन अंडी ठेवायची.
एका पोलिसाने हे पाहिलं आणि
झाडाकडे तोंड करून उभा राहिला.
त्याचंही नाव कुठे लिहून ठेवायला हवं होतं.

मग मे महिन्यातला तो शुक्रवार.
बस बंद, गाडीची बॅटरी मेलेली,
रात्रपाळीला व्लास्ता सायकलवर निघाली
आणि नदीकाठच्या वळणावर थेट त्यांच्यात सापडली.
पुढे घंट्या, मागे घंट्या.
वाट काढायला तिनेही वाजवली.
लोकांनी टाळ्या दिल्या, कुणी तिचा फोटो काढला,
आणि पुढच्या चौकात तिचं नाव लिहून घेतलं.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात,
पण त्या दिवशी ओलं कोण होतं
ते मला अजून ठरवता येत नाही.

दंडाची नोटीस आली. फ्रिजवर लावली,
सुट्ट्यांच्या वेळापत्रकावर.
तिंकाराचे डोळे लकाकले: "अपील करू! मी लिहिते!"
वरून बोगोमिर उतरला, पहिल्यांदा मास्क नाकावर,
म्हणाला, "तिच्याकडून चूक झाली असं मी साक्षीत सांगेन."
व्लास्ताने दोघांना बाहेर घालवलं.

फॉर्मवर एक ओळ होती,
'घटनास्थळी उपस्थितीचं कारण.'
तिने पेन उघडलं, बंद केलं,
पुन्हा उघडलं.
मी भांडी घासत होतो, पाठमोरा,
कागदावर काही उमटल्याचा आवाज आला नाही.

सकाळी तिने सायकल दुकानात आणून उभी केली.
साखळी कोरडी, घंटीचं झाकण त्या गर्दीत कुठेतरी पडलेलं.
शुक्रवार होता. मी तारीख पाहिली,
मग तिच्याकडे.
विचारलं, "नवी घंटी बसवू?"

"आधी ब्रेक बघ," ती म्हणाली.